गोधडीची मशीन येईल हो, पण हात बसेपर्यंतचा खर्च कोण सोसणार?

परभणी : बचत गटाच्या बैठकीत आता पापड-लोणच्याच्या पुढची चर्चा व्हायला लागली आहे. कुणी शेवयाची मशीन म्हणतं, कुणी पत्रावळीची. आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून आता गोधडी शिवायच्या मोठ्या मशीनची चौकशी होतेय. दहा-बारा फुटांची लोखंडी चौकट, त्यावर ताणलेलं कापड आणि त्यावरून दोन मुठी धरून सरसर फिरवायची मशीन. हिला लाँगआर्म क्विल्टिंग मशीन म्हणतात. व्हिडिओत बाई मशीन फिरवते, वेलबुट्टी उमटत जाते आणि दीड-दोन तासांचं काम दोन मिनिटांत संपतं. बघणाऱ्याला वाटतं, मशीन आली की झालं.

इथंच थांबून विचार करायला पाहिजे. मशीनला कर्ज मिळतं, अनुदान मिळतं. पण ती शिकायला जे महिने लागतात त्याची तरतूद हिशेबात कुठंच नसते. म्हणून कित्येक गावांत मशीन आहे, वर चादर टाकलेली आहे आणि हप्ता चालू आहे. या बातमीत आपण तेच तपासू : ही मशीन शिकायची म्हणजे नेमकं काय शिकायचं, योजना त्यातलं किती शिकवते आणि उरलेलं कसं भरून काढायचं.

मशीन आहे तरी काय

घरातल्या शिलाई मशीनमध्ये मशीन जागेवर असते आणि आपण कापड सरकवतो. लाँगआर्ममध्ये उलटं आहे. वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर असे तीन थर चौकटीच्या रुळांवर ताणून बसवतात. कापड जागेवर राहतं आणि मशीनचं डोकं चाकांवर पुढं-मागं, डावी-उजवीकडं फिरतं. सुई आणि मागचा खांब यांच्यात घरगुती मशीनला जेमतेम वीतभर जागा असते. हिला दीड-दोन फूट, मोठ्या मशीनला त्याहून जास्त. म्हणून तर नाव लाँगआर्म, म्हणजे लांब हाताची.

पुढच्या मुठी धरून मनाने नक्षी काढता येते. काही मशीनला मागच्या बाजूलाही मुठी असतात. तिथं कागदावर नक्षी ठेवायची आणि लाल दिव्याचा ठिपका त्या रेषेवरून फिरवायचा, की पुढं तशीच शिलाई पडते. महागड्या मशीनला संगणक असतो, तो स्वतःच डोकं फिरवतो. अमेरिकेतल्या किमतीचा रुपयात हिशेब केला तर साधी मशीन सहा-सात लाखांपासून सुरू होते आणि संगणकाची तीस लाखांच्याही पुढं जाते. आयातीचा खर्च वेगळा. आपल्याकडं रजईच्या कारखान्यांत सिंगल नीडल आणि मल्टी नीडल अशी क्विल्टिंग मशीनं चालतात. पण ती कारखान्याच्या एकसारख्या मालासाठी असतात, गावातल्या चार बायांच्या कामाला ती जड पडतात.

शिंप्याचा हात आणि गोधडीवालीचा हात

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अशी मशीन आली की पहिला विचार येतो, गावात शिलाईकाम कोणाला येतं? ब्लाऊज-परकर शिवणारीला पुढं करू. पण तिच्या हाताला सवय आहे कापड सरकवायची. इथं कापड सरकतच नाही.

आपल्या घरातली म्हातारी गोधडी कशी शिवते ते आठवा. जुन्या साड्या-धोतरांचे थर जमिनीवर अंथरायचे, चारी कोपरे ओढून सुरकुत्या काढायच्या, मधून कडेकडे कच्चे टाके घालायचे आणि मग धावदोरा घालत ओळीनं पुढं सरकायचं. कापड जागेवर आणि हात फिरता. म्हणजे लाँगआर्मचं तत्त्व आपल्या म्हाताऱ्यांच्या हातात आधीपासून आहे. थर कसे बसवायचे, खालचं अस्तर वरच्यापेक्षा मोठं का घ्यायचं, कुठं कापड पोटात फुगणार, कुठलं जुनं कापड टाक्याला फाटणार, हे तिला न शिकवता कळतं. शिवणकामाच्या वर्गात हे शिकवलं जात नाही.

म्हणून शिकायला पाठवताना जोडी पाठवायला पाहिजे. एक गोधडीची जाणती बाई आणि एक मशीनची सवय असलेली सून किंवा लेक. एकीला थर कळतात, दुसरीला दोरा-बॉबिन कळते.

योजनेच्या कागदावर मात्र या जाणत्या बाईला जागा नाही. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिची वर्षपूर्ती आपल्याच राज्यात, वर्ध्याला २० सप्टेंबर २०२४ ला झाली. या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी वगैरे. यादीत शिंपी आहे, गोधडीवाली नाही. आयुष्यभर गावाच्या वाकळा शिवून दिलेल्या बाईला अर्ज करायचा तर शिंपी म्हणूनच करावा लागणार.

शिकायला काय काय लागतं

नव्या गड्याच्या हातात तिफण दिली तर पहिले तास वाकडेच जातात. बैलाला दोष देऊन उपयोग नसतो. या मशीनचंही तसंच आहे. शिकण्याचे टप्पे साधारण असे :

पहिला, कापड चढवणं. अस्तर चारी बाजूंनी तीन-चार इंच जास्त पाहिजे. कापड रुळावर सरळ धाग्यात बसलं पाहिजे, तिरकं बसलं तर शेवटाला गोधडी शंकरपाळ्यासारखी होते. ताण किती? ढोलकीसारखा कडक नको. खालून बोट लावलं तर कापड थोडं वर उचललं गेलं पाहिजे. फार ताणलं तर चौकटीवरून काढल्यावर सगळं आकसतं.

दुसरा, दोऱ्याचा ताण. नव्या माणसाचे सगळ्यात जास्त दिवस यातच जातात. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फास दिसले तर वरचा ताण सैल आहे. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यासारखा ओढून आला तर वरचा ताण जास्त आहे. दोरा बदलला, भरण बदललं, की ताण पुन्हा बघावा लागतो. प्रत्येक वेळी बाजूच्या कापडावर वीतभर टीप मारून वर-खाली तपासायची आणि मगच पुढं जायचं.

तिसरा, हाताची गती. मशीनची सुई एका वेगानं चालते आणि आपला हात दुसऱ्या वेगानं. हात जोरात ओढला तर टाके लांब पडतात, हात रेंगाळला तर एकाच जागी गाठोडं होतं. वळणावर घाई केली तर सुई वाकते, दोरा तुटतो, खाली दोऱ्याचे केस निघतात. यासाठी आता बऱ्याच मशीनला स्टिच रेग्युलेटर येतो. हाताच्या गतीप्रमाणे तो टाके सारखे ठेवतो. घ्यायचीच असेल तर रेग्युलेटर असलेली घ्यावी. नवशिक्या हाताचे निम्मे हाल त्यानं वाचतात. पण नक्षी काढून देणं त्याचं काम नाही, ते हातालाच करावं लागतं.

चौथा, नक्षी. यात एक गंमत आहे. मशीनवर बसायच्या आधी पाटी आणि खडू पुरतो. हात न उचलता पाटीभर लाट काढायची, मग वेलांटी, मग पानं. रेघ कुठंही तुटायची नाही आणि शेवटी कोपऱ्यात अडकायचं नाही. रांगोळीत तरबेज असणाऱ्या पोरी यात लवकर पुढं जातात. पाटीवर जमलं की मशीनवर जुन्या चादरीचे थर चढवून सराव करायचा. गिऱ्हाईकाच्या कापडाला हात लावायच्या आधी असे पाच-सहा चादरींचे सराव झालेच पाहिजेत.

पाचवा, निगा. बॉबिनच्या खोबणीत कापसाचा भुगा साठतो, तो रोज ब्रशनं काढायचा. मशीनवाल्यानं सांगितलेलं तेल थेंबभर सोडायचं. सुई आठ-दहा तास चालली की बदलायची, मोडायची वाट बघायची नाही. रूळ आणि चाकं रोज पुसायची, कारण धुळीचा एक खडा चाकाखाली आला तर टीप तिथं उडी मारते. आपल्याकडं धूळ किती, हे सांगायला नको. उंदरानं वायर कुरतडली तर काय, याचाही विचार आधी करावा.

हे सगळं आठवड्यात येत नाही. रोज दोन-तीन तास हात फिरला तरी विकण्याजोगी सफाई यायला दोन-तीन महिने धरून चालावं.

जुन्या साड्यांची गोधडी यावर होईल का?

होईल, पण जशीच्या तशी नाही. आपल्या वाकळेत सहा-सात थर असतात, कुठं जाड काठ, कुठं नायलॉन, कुठं विरलेलं सुती. हातातली सुई जाड जागा बघून वळते. मशीन वळत नाही, ती काठाच्या गाठीवर आपटून सुई मोडते. त्यामुळं मशीनवर तीन थर, बेताची जाडी आणि शक्यतो एकाच जातीचं कापड लागतं. पिंजाऱ्याकडून आणलेली मोकळी रुईही सरकते. त्यासाठी चादरीसारखं बसवलेलं, दाबलेलं भरण घ्यावं लागतं.

म्हणजे मशीनची गोधडी ही वेगळी वस्तू आहे आणि हातची वाकळ वेगळी. दोन्ही एकाच भावात विकल्या तर हातची बाई मरते. हे गटानं पहिल्याच दिवशी ठरवायला पाहिजे.

योजना किती दिवस शिकवते?

विश्वकर्मा योजनेत प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं आहे, पुढचं १५ दिवसांचं. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये मिळतात. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचं ई-व्हाउचर मिळतं. पहिलं कर्ज १ लाखापर्यंत १८ महिन्यांसाठी आणि ते नीट फेडलं तर पुढं २ लाखांपर्यंत ३० महिन्यांसाठी, ५ टक्के व्याजानं. एका कुटुंबात एकालाच लाभ. सीएससी केंद्रात नोंदणी होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत.

योजना चांगली आहे, यात वाद नाही. पण १५ हजारांत साधी शिलाई मशीन येते, लाँगआर्म येत नाही. आणि सगळे मिळून वीस-बावीस दिवसांत शिलाईची ओळख होते, या मशीनवर हात बसत नाही. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत साधारण महिनाभराचा शिवणकामाचा वर्ग मोफत असतो. तो पाया म्हणून उपयोगाचा आहे. पण तिथंही कापड सरकवायचीच मशीन.

एक सावधगिरी. 'मोफत शिलाई मशीन' म्हणून व्हॉट्सॲपवर लिंका येत राहतात. अशा नावाची योजना खोटी असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं जाहीर केलेलं आहे. अशा लिंकवर आधार नंबर, बँक खातं टाकू नका.

हप्ता आधी की हात आधी?

आता खरा हिशेब. हा फक्त समजण्यासाठी धरलेला आकडा आहे. समजा मशीन, खोलीची डागडुजी, इन्व्हर्टर मिळून ८ लाखांचा प्रकल्प केला. पीएमईजीपीत ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान, म्हणजे २ लाख ८० हजार. स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४० हजार. अंगावर राहिले ४ लाख ८० हजार. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर महिन्याला साधारण १० हजार ४०० रुपये हप्ता.

एका गोधडीच्या मशीनशिलाईला ४०० रुपये मजुरी मिळाली असं धरा. नुसता हप्ता भरायला महिन्याला २६ गोधड्या लागतात, म्हणजे सुट्टी सोडून रोज एक. दोरा, सुया, वीज आणि चालवणारीची मजुरी अजून पुढंच आहे. हात बसलेल्या बाईला दिवसाला एक-दोन साध्या नक्षीच्या गोधड्या अवघड नाहीत. पण पहिले तीन महिने शिकण्यात गेले तर ३१ हजार रुपये कमाई नसताना भरायचे. इथंच गट मोडतात. मग बायांचं भांडण लागतं, लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार हप्त्यात जातात आणि 'मशीनच खराब निघाली' असं गावात म्हटलं जातं.

दोन गोष्टी कागदावर सही करायच्या आधी समजून घ्या. अनुदान लगेच हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असल्याची पाहणी झाल्यावर जमा होतं. दुसरं, कर्ज एका बाईच्या नावावर आणि मशीन गटाची, असा घोळ करू नका. उद्या मतभेद झाले तर बँक तिच्याच दारात येणार.

बँकेकडं सुरुवातीला हप्त्याची सवलत, म्हणजे मोरेटोरियम मागता येतो. तो सहा महिन्यांचा मागावा आणि प्रकल्प अहवालात 'प्रशिक्षण कालावधी' असा शब्द लिहूनच मागावा. त्या काळात व्याज चालू राहतं हे खरं, पण वरच्या हिशेबानं ते महिन्याला ४ हजार ४०० च्या आसपास बसतं, १० हजार ४०० नाही. योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या.

माल घेणार कोण?

आपला जिल्हा कापसाचा. मानवत, सेलूच्या जिनिंगमधून १७० किलोच्या गाठी बांधून रुई बाहेर जाते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एका क्विंटल कापसातून ३४-३५ किलो रुई निघते. तीच रुई दुसऱ्या राज्यात रजई होऊन आपल्याच आठवडी बाजारात येते आणि आपण ती विकत घेतो. मधली सगळी कमाई बाहेर जाते. त्यातला थोडा वाटा गावात राहावा, एवढीच या मशीनकडून अपेक्षा ठेवावी.

कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या सुती रजईला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या किमतीला १८ टक्के. वर्षाला ४० लाखांच्या आतली उलाढाल असणाऱ्या छोट्या गटाला गावातल्या, राज्यातल्या विक्रीसाठी नोंदणीची गरज पडत नाही. पण मोठ्या दुकानदाराला माल द्यायचा तर तो हा हिशेब करूनच भाव सांगणार. म्हणून मशीनचा माल २,५०० च्या आत बसवणं शहाणपणाचं.

हातच्या कामाचं काय होतं, याचं उदाहरण सातासमुद्रापार आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. पूर्वीचा तो कापसाचा मळा, राबणारी माणसं गुलामगिरीतून आलेली. तिथल्या बाया जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. पुढं एका मोठ्या दुकान कंपनीच्या उशांच्या खोळीही शिवून दिल्या, एका मापाच्या, एकसारख्या. त्यातून रोजचा पैसा आला. पण नाव झालं ते हातच्या गोधड्यांचं. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. दोन्ही कामं चालली, कारण दोन्हींचा बाजार वेगळा होता.

आपल्याकडं गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे. चिंध्या जोडलेल्या कापडाला या मातीत कमीपणा नव्हता. तो आपण अलीकडं दिला.

मग करावं काय?

एक, गटागटाला मशीन नको. 'उमेद'मध्ये गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ अशी रचना आहेच. प्रभागसंघाला एक मशीन पुरे. दहा गावांच्या गोधड्या घरी जोडून, थर लावून येतील आणि मशीनवर फक्त शिलाई होईल. हप्ता वाटला जाईल, मशीन रिकामी राहणार नाही.

दोन, खोली आधी बघा. बारा फुटांची चौकट, भोवती फिरायला जागा, सपाट फरशी. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी कुणी तीन तास उभं राहू शकत नाही, आणि हे काम उभ्यानंच आहे. वीज गेली तर अर्ध्या टाक्यात काम थांबतं, म्हणून इन्व्हर्टर खर्चात धरा. परदेशी मशीन असेल तर ती आपल्या २३० व्होल्टवर चालते का, हे लेखी विचारा.

तीन, विकणाऱ्याशी करार करताना भावापेक्षा शिकवणीवर भांडा. मशीन बसवताना दोन दिवस, महिन्यानं दोन दिवस आणि तीन महिन्यांनी दोन दिवस त्याचा माणूस आला पाहिजे. पहिल्या भेटीत काय विचारायचं तेच नव्या बाईला कळत नाही. खरे प्रश्न महिन्यानंतर पडतात. सुया, बॉबिन, चाकं कुठं मिळणार, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येणार, हेही लिहून घ्या.

चार, आपल्या परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि त्याचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, जुनं गृहविज्ञान, आहे. तिथं वस्त्रशास्त्राचा विषय शिकवला जातो. जिल्हा परिषद, उमेद आणि विद्यापीठ यांनी मिळून एक मशीन तिथं सरावासाठी ठेवली आणि बायांना तीन महिने पाळीपाळीनं हात फिरवू दिला, तर कर्ज काढायच्या आधीच कळेल की कुणाला जमतं आणि कुणाला नाही. अवजार घेण्याआधी प्रात्यक्षिक बघायची सवय शेतकऱ्याला विद्यापीठानंच लावली. तीच सोय बायांना का नको? ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात घालता येते. तिला पैसे पडत नाहीत.

'लखपती दीदी'चा अर्थ वर्षाला किमान एक लाख, म्हणजे महिन्याला ८ हजार ३३३ रुपये. वरच्या हिशेबातला हप्ता त्यापेक्षा जास्त आहे. त्यामुळं नुसती मशीन आली म्हणून कुणी लखपती होणार नाही. आधी चार बायांचा हात बसवा, मग मशीनच्या कागदावर सही करा. कर्ज देणारा साहेब दाखवेल तो क्रम याच्या उलटा असेल. त्याला नम्रपणे सांगा, की पेरणीआधी वापसा बघतात.